शेजारच्या घराचा दाखला

अर्ज माझ्या सासऱ्यांनी लिहिला, टाइप मी केला. त्यातलं एक वाक्य मला खटकलं होतं आणि खटकूनही मी ते टाइप केलं. आता याचा जाब विचारायला कुणी उरलेलं नाही, तरी हे आधीच सांगून टाकते. सगळी हकीकत सांगून झाल्यावर हळूच आपला वाटा कबूल करणारी माणसं मला आवडत नाहीत.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आम्ही लीड्समध्ये घर घेतलं होतं. धुरानं काळवंडलेल्या विटांच्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांची लांब रांग, तिच्यातलं मधलं एक. नवरा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी घरी, मुलगी दोन वर्षांची. सासूबाई गेल्या आणि साताऱ्याला एकटे पडलेले सासरे आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामंजी म्हणायची.

मामंजींनी सगळा जन्म मामलेदार कचेरीत काढला होता. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जमिनीची आकारणी, आकारणीवरची हरकत, हरकतीवरचं अपील, हा त्यांचा प्रांत. गावात कुणालाही अर्ज लिहायचा असला की तो यांच्याकडे यायचा, आणि मामंजी त्याला असा अर्ज लिहून द्यायचे की वाचताना मामलेदारानं खुर्चीत सरळ होऊन बसावं. निदान मामंजी तरी तसं सांगत. लीड्समध्ये मात्र त्यांना काडीचं काम नव्हतं. सकाळी नऊला दाढी करून, कोट चढवून ते पुढच्या खोलीत बसत आणि पाचला उठत. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. घरात दिवसभर एक माणूस कोट घालून बसलेला असला की आपण आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखे वावरतो.

त्यांना त्या खुर्चीतून उठवलं ते शेजारीणबाईंनी. डाव्या हाताच्या घरात त्या एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, सगळी उमर कापडगिरणीत गेलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. कंबर धरलेली आणि डोळे अधू. एक दिवस मागच्या अंगणातल्या भिंतीवरून त्यांनी मामंजींना विचारलं, “तुम्हाला इंग्लिश वाचता येतं का?” दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मामंजींनी आठवडाभर फुरंगटून काढला असता. या वेळी ते म्हणाले, “येतं तर.”

त्या दिवसापासून रोज अकराला ते शेजारी जाऊन बाईंना तिथलं वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले. बाईंना बाकी कशात रस नव्हता, त्यांना फक्त मृत्यूच्या जाहिराती ऐकायच्या असत. मामंजी आपल्या कचेरीच्या इंग्लिशमध्ये एकेक नाव वाचत आणि बाई सांगत की हा कोण, याची बायको कशी, याचं आणि याच्या भावाचं कशावरून फाटलं. वर्षभरात मला त्या गल्लीतली जिवंत माणसं जितकी माहीत झाली नव्हती तितकी मामंजींना मेलेली माहीत झाली. मामंजींचं नाव बाईंच्या तोंडात बसेना, म्हणून त्या नुसतं ‘मिस्टर’ म्हणायच्या. मामंजी त्यांना मराठीतच ‘बाई’ म्हणायचे आणि त्यांनी ते चालवून घेतलं होतं. मला त्या, तिकडे सगळ्यांना म्हणतात तसं, ‘लव्ह’ म्हणायच्या. त्या अख्ख्या देशात मामंजींचं म्हणावं असं एवढं एकच माणूस होतं. आम्ही होतो, पण आम्हाला वेळ नव्हता.

मग नवी यादी आली. तिकडे घरपट्टीला रेट्स म्हणत. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल हे एक सरकारी ऑफिसर अंदाजानं ठरवायचा, तो आकडा यादीत चढायचा आणि त्यावर कौन्सिल आपली पट्टी लावायची. आमच्या घराचा आकडा पाहून नवऱ्याच्या कपाळाला आठी पडली.

“बाबा, धिस इज टू मच,” तो म्हणाला. “आपल्या घरात असं काय आहे? आपण ब्राऊन आहोत म्हणून चढवलाय.”

मलाही तेच वाटलं. घर शोधत होतो तेव्हा दोन ठिकाणी आम्हाला बघताच दार मिटलं गेलं होतं. तो राग मनात होताच, त्याला फक्त निमित्त हवं होतं.

मामंजी शांतपणे म्हणाले, “आधी नक्कल काढली पाहिजे.”

यादी टाउन हॉलमध्ये कुणालाही बघायला मिळायची, पण बघायला जात नसे कुणी. मामंजी चार दिवस गेले. मी डब्यात पोळीभाजी द्यायची, ते बसनं जायचे आणि आमच्या रांगेतल्या झाडून सगळ्या घरांचे आकडे वहीत उतरवून आणायचे. काउंटरवरचा माणूस पहिल्या दिवशी बुचकळ्यात पडला, दुसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची दिली आणि चौथ्या दिवशी चहा पाजला. संध्याकाळी घरी येताना मामंजींची चाल बदललेली असायची. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच भूक लागलेली पाहिली.

वहीतून एक गोष्ट निघाली. शेजारीणबाईंच्या घराचा आकडा आमच्यापेक्षा बराच कमी होता. घर तंतोतंत तेच. तेवढीच रुंदी, तेवढ्याच खोल्या, छपरही सलग.

“शिवाय आपल्यासारखं त्यांच्याकडेही वर बाथरूम आहे,” मामंजी म्हणाले.

ते बाथरूम आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं होतं, कारण बाई ते प्रत्येकाला दाखवायच्या. पूर्वी त्या घरांना संडास मागच्या अंगणात असे आणि अंघोळ स्वयंपाकघरात पत्र्याच्या टबात. बाईंच्या नवऱ्यानं एका हिवाळ्यात वरच्या लहान खोलीचं स्वतःच्या हातानं बाथरूम केलं होतं. फिक्या हिरव्या फरशा त्यानं एकेक करून बसवल्या होत्या. टब जिन्यावरून चढवताना कठड्याला पडलेली खोक बाईंनी तशीच ठेवली होती. देवघर दाखवावं तसं त्या ते बाथरूम दाखवायच्या.

मामंजींनी अर्ज लिहायला घेतला. तीन दिवस खाडाखोड चालली. मग तो माझ्या हातात आला, कारण लग्नाआधी मी पुण्यात टायपिस्ट होते आणि नवऱ्यानं कुठून तरी जुना टाइपरायटर आणला होता. वाक्य असं होतं की आमच्या डाव्या हाताच्या, अमुक नंबरच्या घराला तेवढ्याच खोल्या असून शिवाय आमच्यासारखंच वरच्या मजल्यावर उत्तम बाथरूम आहे, तरी त्याची आकारणी आमच्याहून कमी आहे.

मी थांबले. “मामंजी, हे हवंच का? बाईंचं घर मध्ये कशाला?”

“अगं, दाखला नको? दाखल्याशिवाय अर्ज म्हणजे नुसतं रडगाणं.”

“पण त्यांना त्रास झाला तर?”

“कसला त्रास? नाव कुठे घातलंय, नुसता नंबर आहे. आणि त्यांचा वाढवा असं आपण म्हणतच नाही. सबब आमचा त्यांच्याएवढा करावा, असं म्हणतोय. तीस वर्षं असेच दाखले दिले मी. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही.”

मुलगी रडत होती, गॅसवर बटाटे होते आणि मलाही जिंकायचं होतं. मी टाइप केलं.

अपील केल्याचं मामंजींनी बाईंना सांगितलं. बाई खूश झाल्या. “सोडू नका त्यांना, मिस्टर,” म्हणाल्या. अर्जात त्यांच्या घराचा नंबर आहे हे तेवढं मामंजींनी सांगितलं नाही. लपवलं असं नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. मला वाटलं होतं. पण ते सांगणं माझं काम नाही अशी मी स्वतःची समजूत घातली.

महिन्याभरानं ऑफिसातून एक तरुण माणूस टेप घेऊन आला. आमचं घर मोजलं. आमच्या आधीच्या मालकानं मागं वाढवलेलं स्वयंपाकघर आणि वरचं बाथरूम त्यांच्या कागदांत नोंदलेलं आहे, म्हणून आकडा एवढा, असं त्यानं जाता जाता सांगितलं. म्हणजे आमच्या रंगाचा त्यात काही संबंध नव्हता. हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. मला उलट फसवल्यासारखं वाटलं. आमच्या दारातून निघून तो थेट शेजारी गेला.

दुपारी बाई भिंतीशी आल्या. “लव्ह, मी त्याला सगळं घर दाखवलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्या कामाचं आहे म्हणाला. केक दिला त्याला. बाथरूम फार आवडलं बघ. कधी बांधलं, कुणी बांधलं, सगळं लिहून घेतलं त्यानं.”

मी आत जाऊन मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, “स्थळपाहणी झाली म्हणजे अर्जात दम आहे.” पण त्या दिवशी ते जेवले कमी.

सुनावणी टाउन हॉलमधल्या एका साध्या खोलीत होती. कोर्ट म्हणायचं, पण वकील नाहीत की काळे झगे नाहीत. गावातलीच तीन माणसं लांब टेबलामागे, एका बाजूला त्यांचा क्लार्क, दुसऱ्या बाजूला व्हॅल्युएशन ऑफिसर. नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून मी आणि मामंजी. आणि शेजारीणबाई. त्या आपणहून आल्या होत्या, चर्चला घालायची हॅट घालून, मिस्टरांच्या बाजूनं कुणीतरी हवं म्हणून. दोन बस बदलून आम्ही तिघं एकत्र आलो होतो आणि वाटेत बाईंनी आम्हाला पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या होत्या. बसमध्ये सांगून टाकावं असं मला तीनदा वाटलं.

क्लार्कनं अर्ज मोठ्यानं वाचला. माझं टायपिंग, मामंजींचं वाक्य. नंबर वाचला गेला तेव्हा बाईंनी मान जराशी वळवली. बहुधा नीट ऐकू आलं का याची खात्री करत असाव्यात. पुढचं, वरच्या मजल्यावर उत्तम बाथरूम, हेही वाचलं गेलं. मी समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

मग ऑफिसर उठला. माणूस सभ्य होता, आवाजही चढला नाही. अर्जदारांनी दाखवलेली तफावत खरी आहे, तो म्हणाला. आमच्या नोंदीत त्या घराला बाथरूम नव्हतं. अर्जदारांमुळे ही चूक आमच्या लक्षात आली, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्या घराचा आकडा वाढवण्याचा प्रस्ताव आम्ही काढला असून नोटीस पोस्टात पडली आहे. तेव्हा आता दोन्ही घरांत फरक उरत नाही आणि अर्जदारांच्या तक्रारीला कारणही उरत नाही.

मामंजी उभे राहिले. त्यांनी भाषण तयार करून आणलं होतं. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवेना. “माझी विनंती तशी नव्हती,” एवढंच ते इंग्लिशमध्ये म्हणाले. “माझी विनंती कमी करण्याची होती.” मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मान डोलावली, म्हणाले, तुमचा मुद्दा आम्ही ऐकला. दहा मिनिटांत अपील फेटाळलं गेलं.

बाहेर आल्यावर बाईंनी हातमोजे चढवले. मामंजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बाईच मला म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानं ते चोरून केलं नव्हतं, लव्ह. कुणाला सांगायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.” मग त्यांना दुकानात काम आहे म्हणाल्या आणि आमच्या बसला आल्या नाहीत.

बसमध्ये मामंजी खिडकीकडे तोंड करून बसले. म्हणाले, “आमच्या कचेरीत हे वाक्य कुणी वाचलंच नसतं.”

ते खरं होतं. आयुष्यभर त्यांनी जे अर्ज लिहिले ते गठ्ठ्यात जात, गठ्ठे फडताळात जात, आणि पाच-सात वर्षांनी निकाल लागला तर तो तिसऱ्याच कारणानं लागे. अर्जात भारदस्त वाक्यं घालायची ती अर्जदाराच्या समाधानासाठी. ती वाचून कुणी टेप घेऊन निघेल ही कल्पनाच त्यांना नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. माझाही आला, पण स्वतःचा राग माणूस फार वेळ धरत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मामंजी वर्तमानपत्र घेऊन शेजारी गेले. बाईंनी दार उघडलं, आज बरं वाटत नाही म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मामंजी गेले नाहीत. बाई भांडल्या नाहीत, आमच्याबद्दल गल्लीत कुणाला बोलल्या नाहीत. अंगणात दिसल्या की हवेबद्दल बोलायच्या. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

पेन्शनवरच्या बाईला तो वाढीव आकडा जड जाणार हे उघड होतं. ज्यांची कमाई थोडी त्यांना रेट्समध्ये सूट मिळायची, तिचा फॉर्म मी आणला आणि त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी तो चष्म्याजवळ धरून पाहिला. “हे गरिबांसाठी असतं, लव्ह,” म्हणाल्या आणि परत दिला.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या आणखी एका माणसाला घेऊन आला. दिवसभर भिंतीपलीकडून ठोकाठोक ऐकू येत होती. दुपारी त्यांनी टब खाली आणला आणि मागच्या अंगणात ठेवला, मग बेसिन, मग कमोड. बाथरूम काढून टाकलं तर आकडा पुन्हा खाली येईल असं बाईंना काउंटरवर कुणीतरी सांगितलं होतं. भंगारवाला यायला दहा दिवस लागले. मामंजींच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला होती. त्या दहा दिवसांत त्या टबात पावसाचं पाणी साठलं, आणि ते सगळं मामंजींना दिवसभर दिसत राहिलं.

अंगणातला जुना संडास बाईंनी झाडून, चुना मारून पुन्हा वापरात घेतला. हिवाळा तोंडावर आला होता. सकाळी अंधारातच त्यांच्या मागच्या दाराची कडी वाजायची, मग कंबर सावरत टाकलेली एकेक पावलं. मी अंथरुणात ती मोजायची. अकरा जायला, अकरा यायला. शुक्रवारी त्या पिशवीत टॉवेल घेऊन कौन्सिलच्या स्नानगृहात अंघोळीला जायच्या, बसनं.

त्या हिवाळ्यात मामंजींनी दुसरा अर्ज लिहिला. कुणी न सांगता, बाईंच्या वतीनं. पंधरा दिवस ते त्याच्यावर बसले होते. मी तो टाइप केला आणि आजही म्हणेन की तसा कागद मी परत पाहिला नाही. गिरणीतून दमून आलेल्या माणसानं बायकोसाठी स्वतःच्या हातानं केलेली सोय ही भाड्यानं द्यायची वस्तू नव्हे, तिची आकारणी करू नये, आणि बाईंना ते बाथरूम पुन्हा बसवण्याची मुभा असावी, असं त्यात होतं. याही वेळी दाखला होता. तो आमच्या घराचा. आमचं स्वयंपाकघर मोठं आहे, आमचं घर जास्त सोयीचं आहे, फरक राखण्यासाठी आमचा आकडा वाढवावा लागला तरी आमची हरकत नाही.

नवऱ्यानं वाचलं. “बाबा, आर यू शुअर? एकदा लिहून दिलं की परत घेता येणार नाही.”

“म्हणूनच देतोय,” मामंजी म्हणाले.

फक्त बाईंची सही हवी होती. रविवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. मला सोबत यायला त्यांनीच सांगितलं, एकट्यानं ती बेल वाजवण्याचा धीर त्यांना नव्हता. बाईंनी आत बोलावलं, शेकोटीजवळच्या खुर्च्या दिल्या. त्यांना वाचता येणार नव्हतं, म्हणून मामंजींनी अर्ज वाचला. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. नवऱ्याच्या फरशांचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्या सही करणार असं मला वाटलं. मामंजींनाही वाटलं असावं, कारण वाचून झाल्यावर त्यांनी लगेच पेन उघडून पुढे केलं.

बाईंनी पेन घेतलं.

“सुंदर लिहिलंय, मिस्टर,” त्या म्हणाल्या. “पण नको. तुम्ही पुष्कळ लिहिलंत.”

त्यांनी टोपण मागून घेतलं आणि पेनाला बसवलं. मग पुढे वाकून, अधू डोळ्यांनी चाचपडत, मामंजींच्या कोटाचा वरचा खिसा शोधून काढला आणि पेन त्यात नीट अडकवलं. मामंजी ते करू देत बसून राहिले. त्यानंतर बाई कंबर सावरत उठल्या आणि त्यांनी आम्हाला दार उघडून दिलं.